ओवरची दोन टिंबं

होणाऱ्या जावयाला आपण गेले कित्येक महिने 'कॅन' म्हणत आलो आणि तो बिचारा दर वेळी निमूट 'ओ' देत आला, हे 'बिनचूक' सरांना पहिल्याच व्हिडिओ कॉलवर कळलं. तेही व्याही, विहीणबाई आणि सोफ्यावर दाटीवाटीने बसलेलं त्यांचं अख्खं गणगोत यांच्या देखत. जावयाचं घरातलं लाडकं नाव सी, ए, एन असं लिहितात. सरांनी ते शाळेत हजेरी घ्यावी तसं खणखणीत आवाजात घेतलं. मग कडेला बसलेली एक आत्या फिस्सकन हसली आणि जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेल्या व्याह्यांनी आपलं जाडजूड बोट वर करून, बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, "जान."

"तुर्कीत सीचा उच्चार ज होतो, बाबा," शेजारी बसलेली लेक पुटपुटली.

"मग तसं लिहायचं!" सर म्हणाले, आणि उरलेला सगळा वेळ तोंडात गुळणी धरल्यासारखे बसून राहिले.

आता सरांचा राग समजून घ्यायला हवा. लोकांच्या उच्चारातल्या चुका काढणं हा त्यांचा व्यवसाय होता, निवृत्तीनंतर तो छंद झाला आणि शेजाऱ्यांच्या मते आता तो आजार होता. जिन्यात कुणी "पानी आलं का हो?" असं विचारलं की सर आधी "पाणी" म्हणत आणि मगच आलं की नाही ते सांगत. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला त्यांनी 'औषध' हा शब्द इतक्यांदा म्हणायला लावला होता, की सर दिसले की तो आता न बोलता नुसती गोळ्यांची पट्टी पुढे करे. अशा माणसाला एका इंजिनवाल्याने सगळ्यांसमोर उच्चार शिकवावा! आणि उच्चार तरी कोणता? जान! सरांनी स्वतःच्या बायकोलाही उभ्या जन्मात जान म्हटलेलं नव्हतं. तिला ते 'अगं' म्हणत आणि तेवढ्यावर त्यांचा संसार झाला होता. आता या वयात एका सहा फुटी, दाढीवाल्या तरुणाला चारचौघांत जान म्हणायचं.

"जमत नसेल तर नुसतं जावईबापू म्हणा," बायकोने सुचवलं.

"जमत नसेल? मला?"

झालं. सरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की व्याही इथे यायच्या आत तुर्की उच्चारांची मूलतत्त्वं आत्मसात करणार. भाषा नाही, फक्त उच्चार. "अर्थ काय, कुणीही सांगतं," ते म्हणाले, "उच्चार शुद्ध असला की अर्थ आपोआप मागून येतो." हे वाक्य लक्षात ठेवण्याजोगं आहे असं त्यांना स्वतःला वाटलं. बायको तोवर स्वयंपाकघरात गेली होती.

ग्रंथालयातून एक जाड पुस्तक आलं, लेकीने फोनवर उच्चार तपासणारं एक ॲप घालून दिलं आणि सरांचा अभ्यास सुरू झाला. सुरुवातीला ते खूश होते. या भाषेत जसं लिहितात तसंच वाचतात, एका अक्षराला एकच आवाज. "याला म्हणतात शिस्त," ते म्हणाले. पण एकेका अक्षराशी गाठ पडू लागली तसा त्यांचा पारा चढू लागला. सी म्हणजे ज. सीला खाली शेपूट लावली की च. एसला शेपूट लावली की श. इथवर एक वेळ ठीक. मग आला डोक्यावर टोपी घातलेला ग. हा ग स्वतः अवाक्षर काढत नाही, नुसता आधीच्या स्वराला लांबवतो. डोंगराला 'दाग' लिहायचं आणि 'दाऽ' म्हणायचं.

"बोलायचं नाही, काम करायचं नाही, फक्त दुसऱ्याच्या जिवावर पसरून बसायचं," सर कडाडले. "तुझा भाऊ आहे हा!"

"माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही," आतून आवाज आला, आणि त्या दिवशी जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही.

मग बिनटिंबाचा आय निघाला. ई म्हणायचं, पण ओठ ताणायचे नाहीत आणि जीभ मागे ओढून घ्यायची. पोटात गुद्दा बसल्यावर माणसाच्या तोंडून जो आवाज निघतो, साधारण तसा. सर न्हाणीघरात हा सराव करत असताना बायकोने दार बडवून बडवून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरना बोलावून आणलं. दोघं मिळून दाराला खांदा लावणार, इतक्यात सर पंचा गुंडाळून बाहेर आले. मॅनेजरसाहेबांनी एकदा विमान चुकल्यामुळे तुर्की विमानतळावर एक अख्खी दुपार काढली होती, त्यामुळे या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. "सर, ते लोक पोटातून बोलतात," ते म्हणाले. "तुम्ही घशातून बोलताय. रोज उपाशीपोटी मोठ्याने हसत जा." तळमजल्यावरच्या दंतवैद्याने कवळी हलवून पाहिली आणि दोष कवळीचा आहे, नवी बसवली की अक्षरं सुटी पडतील असं सांगितलं. औषधवाल्याने न विचारता खोकल्याच्या गोळ्या पुढे केल्या. आणि ते ॲप! सरांनी घसा फोडून आवाज काढला की ते एक रडका सूर वाजवायचं आणि एक गोड बाई म्हणायची, "पुन्हा प्रयत्न करा."

"ही कोण मला पुन्हा प्रयत्न करायला सांगणार?" सर फोनवर ओरडले. तोही आवाज बाईने तपासला आणि पुन्हा तेच म्हणाली.

पण खरा घोळ झाला तो दोन टिंबांनी. तुर्कीत ओ आणि यू या अक्षरांच्या डोक्यावर दोन दोन टिंबं देतात आणि मग ते ओ आणि यू राहतच नाहीत. टिंबांचा यू म्हणायचा तर जिभेने ई म्हणायचं आणि त्याच वेळी ओठांचा चंबू करायचा. टिंबांचा ओ म्हणायचा तर जिभेने ए म्हणायचं, पण ओठ गोल ठेवायचे. जीभ एका वाटेने, ओठ दुसऱ्या. पुस्तकात लिहिलं होतं, की ओठ नीट गोल होताहेत ना हे आरशात पाहावं. न्हाणीघरातल्या आरशावर सदा वाफ. म्हणून सरांनी दाढीचा आरसा गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला टांगला, आणि रोज सकाळी चांगल्या उजेडात त्याच्यासमोर उभे राहून ओठांचा चंबू करू लागले.

आरसा होता तळहाताएवढा. समोरच्या इमारतीतून तो दिसण्याचं काही कारण नव्हतं. समोरच्या इमारतीतून फक्त सर दिसत.

तिथे त्याच मजल्यावर एक नर्सबाई राहत. रात्रपाळी करून त्या सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालायला येत, आणि रोज समोर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ थेट त्यांच्याकडे बघत ओठ पुढे काढून "यूऽऽ" असं करत. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं दाढ दुखत असेल. नंतर त्यांनी तक्रार केली.

सरांच्या दाराखालून इमारतीच्या सेक्रेटरीची नोटीस आत सरकली. 'आपल्या कडून असभ्य हावभाव होत असल्याची तक्रार आली असून सदर प्रकार त्वरीत थांबवावा.' ती वाचताच सरांनी लाल पेन काढलं. 'आपल्या' आणि 'कडून' जोडले, 'त्वरीत'मधली री ऱ्हस्व केली, खाली 'पुन्हा लिहून आणा' असा शेरा मारला, आणि नोटीस सेक्रेटरीच्या दाराखालून आत सरकवली.

"अहो, ते असभ्य हावभावाचं काय?" बायकोने विचारलं.

"आधी 'त्वरित' लिहायला शीक म्हणावं!"

सेक्रेटरी पुन्हा लिहायला बसला नाही. तो थेट चौकीवर गेला. दुसऱ्या दिवशी एक हवालदार आला, बरोबर सेक्रेटरी, आणि त्यांच्या मागे बघायला म्हणून मॅनेजरसाहेब. हवालदार खुर्चीत बसला, त्याने वही उघडली आणि थकलेल्या आवाजात विचारलं, "नक्की काय करता तुम्ही सकाळी?"

"तुर्की उच्चारांचा अभ्यास."

"बाईंकडे बघून?"

"आरशाकडे बघून! टिंबांचा यू नावाचा एक स्वर आहे. त्यासाठी ओठ वर्तुळाकार पुढे आणावे लागतात."

"करून दाखवा."

सरांनी अपमान गिळला आणि करून दाखवलं. हवालदाराने काही क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिता लिहिता तो पुटपुटला, "विचारणा केली असता... सदर इसमाने... पुन्हा तेच केलं."

"इसम? मी शिक्षक आहे!"

"त्या भाषेत हे रोज करतात लोक? घरात, बाहेर, सगळीकडे?"

"सगळीकडे."

"आणि कुणी काही म्हणत नाही?" हवालदाराच्या आवाजात थोडा हेवा होता. मग त्याने सरांना एक समज दिली, सेक्रेटरीला एक समज दिली, आणि निघताना दाराशी थांबून, सरांकडे पाठ करून, हळूच एकदा ओठ पुढे काढून पाहिले. अभ्यास करायचा तो घरात, पडदा ओढून, असं ठरलं. सरांना जिन्यातून जाताना आता सगळे "यूऽ" म्हणू लागले, आणि सर्वांत चीड आणणारी गोष्ट ही, की त्यातल्या एकाचाही उच्चार बरोबर नव्हता.

सर पुन्हा न्हाणीघरात गेले. आता ते शिकत नव्हते, सूड घेत होते. सेक्रेटरीवर, हवालदारावर, त्या फिस्सकन हसणाऱ्या आत्यावर आणि व्याह्यांच्या त्या वर केलेल्या बोटावर. चार भिंतींत आवाज असा घुमायचा, की टिंबांचे स्वर दिवसेंदिवस गोल, गुळगुळीत, टपोरे होत गेले. एक दिवस ॲपमधली बाई "उत्कृष्ट!" म्हणाली. सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं. फक्त एक झालं, की आता त्यांना साधा ओ आणि साधा ऊ म्हणायलाच येईना. बिस्किटांचे दोन पुडे मागितले, तर दुकानदाराने कानाला हात लावून तीनदा विचारलं. "तुमचं तोंड वाकडं झालंय," बायको म्हणाली. "त्याला कमावलेलं तोंड म्हणतात," सर म्हणाले.

मग तो रविवार उजाडला. लग्नाची तारीख पक्की करायला व्याही फोन करणार होते. लेक आणि जावई दोघंही एकाच पूल बांधणाऱ्या कंपनीत कामाला. नेमका त्याच दिवशी पुलावर मालमोटारी उभ्या करून भार तपासायचा होता, आणि दोघांनाही तिथून हलता येईना. जावयाने सकाळीच फोन केला. त्याला मराठी बरंच येई, पण त्याच्या भाषेत शब्दांना लिंगच नसल्यामुळे तो दिसेल त्याला पुरुष करून टाकी.

"बाबा, माझा आई तारीख विचारतो. तुम्ही फक्त बोला, झाला, ठरला. मी शब्द लिहून पाठवतो."

"माझी आई," सर म्हणाले.

"नाही बाबा, तुमचा नाही. माझा."

सरांनी डोळे मिटून घेतले. मग लेक फोनवर आली. "बाबा, हात जोडते. आज कुणाची चूक काढू नका. तो शब्द म्हणा आणि हसा. बास."

शब्द आला. ओ, एल, डी, यू. ओल्दू. सरांनी चष्मा लावून तो बारकाईने पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ओवर टिंबं नव्हती. यूवर टिंबं नव्हती. "बघ," ते बायकोला म्हणाले, "स्वतःची मातृभाषा! आणि टिंबं द्यायचा कंटाळा! फोनवर लिहिताना या पिढीला टिंबं जड होतात." आणि एका अनमोल शब्दाची अशी विटंबना सहन न होऊन सरांनी मनातल्या मनात चारही टिंबं जागच्या जागी बसवली.

ठरल्या वेळी लॅपटॉप वाजला. पडद्यावर तोच सोफा, तेच गणगोत, फक्त आज सगळे नटलेले. सरांच्या बायकोने उत्साहाने हात हलवून "मेराबा!" म्हटलं.

"मेर-हा-बा," सर म्हणाले. "हा म्हण."

"मेराबा," बायको पडद्याकडे बघून पुन्हा म्हणाली. विहीणबाईंनी आनंदाने टाळी वाजवली.

"अगं, ह खातेस तू. छातीतून काढ. हा."

बायको उठली. "तुम्हीच काढा छातीतून. मी शिंप्याकडे चालले. माझे कपडे शिवून झालेत, आणि त्याला माझं बोलणं कळतं." तिने चपला घातल्या आणि निघून गेली. तिचा फोन तिथेच टेबलावर राहिला. पडद्यावरच्या लोकांना हे सगळं नीट दिसलं नाही. त्यांना इतकंच दिसलं की सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली आणि बराच वेळ रिकामीच राहिली.

विहीणबाईंनी खुर्चीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सरांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण सगळे व्यंजन-स्वर ओळखीचे निघाले म्हणून समाधान वाटलं. आता आपली पाळी. त्यांनी घसा साफ केला, जीभ 'ए'वर नेली, ओठ गोल केले आणि टपोऱ्या, घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, "ओएल्द्यू."

सोफा स्तब्ध झाला. व्याही पुढे वाकले. त्यांनी घोगऱ्या आवाजात काहीतरी विचारलं. ऐकू गेलं नसावं असं समजून सर अधिक स्पष्ट झाले. आपल्याबरोबर बायकोचीही संमती आहे हे कळावं म्हणून त्यांनी रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला, छातीवर हात ठेवला, मान हलवली आणि प्रत्येक टिंबाला न्याय देत पुन्हा म्हणाले, "ओएल्द्यू!"

विहीणबाईंनी किंकाळी फोडली. आत्या रडू लागली. व्याही उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, आणि ते हात पुढे करकरून सरांना काही सांगत होते. सर हेलावले. 'तारीख ठरली तर ही माणसं इतकी रडतात! किती हळवी!' त्यांचेही डोळे भरून आले. सगळे एकमेकांकडे बघून मनसोक्त रडले. मग सरांनी हात जोडले, लॅपटॉप मिटला आणि विजयी वीराच्या थाटात पलंगावर आडवे झाले. त्यांचा स्वतःचा फोन कॉलमध्ये अडथळा नको म्हणून मुका करून ठेवलेला होता. तो उशाशी थरथरत राहिला आणि सर घोरत राहिले.

ते जागे झाले दारावरच्या थापेने. दारात सेक्रेटरी. मान खाली, हात जोडलेले. मागे मॅनेजरसाहेब, दंतवैद्य, आणि जिन्यात आणखी माणसं.

"सर," सेक्रेटरी म्हणाला, "मागचं सगळं विसरून जा. आमच्या हातून जे झालं ते झालं."

नोटिशीची क्षमा मागायला अखेर आला म्हणायचा! सरांनी मन मोठं केलं. "उशिरा का होईना, कळलं हे महत्त्वाचं."

"मुलीचा फोन आला आम्हाला. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून. पण अचानक कसं झालं हो हे?"

"अचानक कसलं? कित्येक दिवस धुमसत होतं."

"आम्हाला पत्ताच नाही," दंतवैद्य हळहळले. "वहिनी... कुठे आहेत?"

"गेली," सर म्हणाले.

"हो, तेच," सेक्रेटरीने डोळे पुसले.

"माझ्याशी भांडून गेली. जाताना वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"असं नका हो बोलू, सर. आता कशाला त्या आठवणी?"

"का नको? जन्मभर मी तिला सांगत आलो, नीट बोल. ऐकलं नाही. बरं झालं गेली. तेवढीच घरात शांतता."

मॅनेजरसाहेबांनी भिंतीचा आधार घेतला. धक्क्याने माणूस असा बरळतो, असं ते कुणाच्या तरी कानात कुजबुजले. समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई धावत येऊन सरांची नाडी बघू लागल्या. "रडून घ्या, सर," त्या म्हणाल्या. "मी रागावलेली नाही तुमच्यावर." सर हात सोडवून घेऊ लागले, तशा चौघांनी त्यांना धरून बळेच खुर्चीत बसवलं. आणि तेवढ्यात जिन्यावरून कपड्यांची पिशवी घेऊन बायको वर आली. आपल्या दारात गर्दी, आत नवऱ्याला चौघांनी धरलेलं, शेजारी नर्स. पिशवी तिच्या हातातून गळून पडली.

"अहो!" ती ओरडली. "काय झालं यांना? मी मघाशी उगाच बोलले हो!"

गर्दी गर्रकन वळली. सेक्रेटरी सरकत सरकत भिंतीला टेकला. दंतवैद्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो बिनटिंबाच्या आयचा अगदी अस्सल उच्चार होता, पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

काय झालं याचा उलगडा व्हायला लेक यावी लागली. ती डोक्यावरचं हेल्मेट न काढता, चिखलाच्या बुटांनी तीन-तीन पायऱ्या चढत आली, मागे जावई. आई दारात उभी होती. लेकीने तिला पाहिलं, आणि ती तिथेच, जिन्याच्या कठड्याला धरून, मटकन खाली बसली. पुलापासून घरापर्यंतच्या वाटेत तिने आईशिवायचं सगळं आयुष्य एकदा मनातून काढलेलं होतं, आणि आता ते परत जागेवर ठेवायला तिला वेळ लागत होता. आई तिच्याजवळ बसून हेल्मेटवरूनच हात फिरवत राहिली. शेजाऱ्यांनी एकेक करून काढता पाय घेतला.

"ओल्दू म्हणजे झालं," जावई हळू आवाजात सरांना म्हणाला. "टिंबं दिला की... मेला. मेली." या एका शब्दापुरतं त्याने लिंग अचूक सांभाळलं होतं.

"तू टिंबं दिली नव्हतीस," सर म्हणाले.

"कारण तिथे टिंबं नव्हता, बाबा."

"मला वाटलं तू चुकलास."

"तुम्हाला नेहमीच वाटतं कुणीतरी चुकलंय!" लेक उठून आत आली होती. रडून रडून तिचा आवाज फाटला होता. "बाबा, मी तुम्हाला फोन केला होता, आठवतंय? मी म्हटलं, 'बाबा, मी लग्न करतीये.' तुम्ही काय म्हणालात? तुम्ही म्हणालात, 'करतीये नाही. करते आहे.' आणि फोन आईकडे दिलात. कुणाशी, कधी, मी सुखात आहे का, काही विचारलं नाहीत. माझं वाक्य दुरुस्त केलंत आणि गेलात."

सरांच्या हाताशी लाल पेन नव्हतं, आणि वाक्यात चूकही नव्हती. ते म्हणाले, "मला राग आला होता, गं. आणि राग आला की मला दुसरं काही दिसत नाही. चुका तेवढ्या दिसतात."

"मग रागवायचं होतं! भांडायचं होतं माझ्याशी!"

तेवढ्यात लॅपटॉप वाजू लागला. तोवर जावयाने तिकडे खरी हकीकत कळवलेली होती. पडदा उजळला तो व्याह्यांच्या लालबुंद चेहऱ्याने. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. त्यांनी थेट तोंड सोडलं. सोफ्याच्या हातावर मुठी आपटत, उठत, बसत, ते असे कडाडले की लॅपटॉपचा आवाज फाटू लागला. त्यांच्या म्हाताऱ्या आईने ती बातमी ऐकून दोन तास अंथरूण धरलं होतं. आत्याने गावभर फोन केले होते. अर्धी बंदरगल्ली शोक करायला घरात जमली होती, आणि तिला आता घरी पाठवायचं कसं?

सर ऐकत होते. टपोरे ओ, गोल यू, पसरलेले मुके ग धबधब्यासारखे अंगावर येत होते, आणि आश्चर्य म्हणजे सर एकही उच्चार तपासत नव्हते. व्याह्यांच्या बोलण्यात मध्येच एक शब्द त्यांना लख्ख ऐकू आला. "बाबा." तिकडेही बापाला बाबाच म्हणतात. आणि तो शब्द म्हणताना व्याही सरांकडे बघत नव्हते, ते जावयाकडे बोट दाखवत होते.

"आता काय म्हणतायत?" सरांनी विचारलं.

लेकीने जावयाकडे पाहिलं. जावयाची मान खाली गेली.

"सांग!"

"म्हणतायत..." लेक अडखळली, "की मी एका बोटीच्या तळाशी इंजिनाखाली आडवा पडलो होतो. हात तेलाने माखलेले. तेव्हा या पोराने फोन केला आणि म्हणाला, बाबा, मी लग्न ठरवलं. विचारलं नाही. ठरवलं. कधी घरी येऊन समोर बसला नाही. मला पाना खाली ठेवायलाही वेळ दिला नाही. आणि आता म्हणतायत, मी रागावलो तर म्हातारा वाईट."

सर उभे राहिले. खुर्ची मागे कोलमडली.

"मलाही!" ते पडद्यावर ओरडले. "मलाही फोनवरच! मी दुकानात रांगेत उभा होतो! पिशवी या हातात, फोन या हातात, मागून माणसं ढकलतायत, आणि ही म्हणते लग्न करतीये! एवढी वाढवली, एवढी शिकवली, आणि मला रांगेत सांगितलं! सांग त्यांना! शब्द गाळू नकोस!"

"बाबा, मी हे नाही सांगणार."

"सांग!"

तिने सांगितलं. व्याह्यांनी दोन्ही हात वर केले, आणि मग जे सुरू झालं त्याला दुभाष्याची गरज उरली नाही. दोघंही एकदम ओरडू लागले. एक तुर्कीत, एक मराठीत, दोघंही आपापल्या पोरांकडे बोटं रोखून, एकमेकांच्या प्रत्येक आरोळीला मान डोलावून पाठिंबा देत. सरांचे न आणि ण एक झाले, ऱ्हस्व-दीर्घ वाहून गेलं, तोंडून थुंकी उडाली. तरी ते थांबले नाहीत. लेक आणि जावई मध्ये मान खाली घालून शेजारी शेजारी बसले होते, आणि टेबलाखाली त्यांनी एकमेकांचे हात धरले होते. विहीणबाई आणि सरांची बायको पडद्याच्या दोन्ही कडांनी डोकावून एकमेकींकडे बघत डोळे पुसत होत्या. हसून की रडून, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटी दोघांचाही आवाज बसला. व्याह्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हटलं.

"काय म्हणतायत?" सरांनी विचारलं.

"म्हणतायत, उद्या याच वेळेला पुन्हा फोन करतो. माझं अजून संपलेलं नाही."

सरांनी पडलेली खुर्ची उचलली, पडद्यासमोर सरळ करून ठेवली आणि तिच्यावर बसले.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "माझं तर अजून सुरूही झालेलं नाही."